सातवा होल, भरती आणि मी

२ फेब्रुवारी. घरी.

उद्या निघायचं. समुद्रकाठचं रिसॉर्ट, आठवडाभर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्त. साडू आणि मेहुणी पण येताहेत, कारण दोन खोल्या घेतल्या की ब्रेकफास्ट फुकट.

रोजनिशी आजपासून सुरू. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे हिच्यात खरं तेच लिहायचं.

तर खरं असं: रिसॉर्टला गोल्फ कोर्स आहे आणि दर आठवड्याला पाहुण्यांसाठी एक चषक ठेवतात. साडू दोन वर्षं गोल्फ खेळतोय. माणूस दातांचा डॉक्टर. दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघायचं आणि सुट्टीत वाकून भोकात चेंडू घालायचा. त्याला काय, कामच चालू. मी प्रत्यक्ष अजून खेळलेलो नाही. पण तीन महिने रोज व्हिडिओ बघतोय. ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी कंट्रोल बघतो. आयुष्यात एक खुर्ची स्वतः बनवली नाही, पण कुठली डुगडुगणार ते दारातून सांगतो. गोल्फचंही तेच. चूक कुठे होते ते मला दिसतं. मारायचं तेवढं बाकी आहे.

फॅमिली ग्रुपवर टाकलं: येताना चषक घेऊन येतोय. मेहुणीने हसणारे चेहरे पाठवले. सासरेबुवांनी एकच शब्द लिहिला: सांभाळून.

बायकोची एकच अट आहे. तिला समुद्रात पोहायला शिकायचंय आणि ते माझ्याकडूनच. लग्नाआधी आम्ही भेटलो तेव्हा मी पट्टीचा पोहणारा आहे असं बोलण्यात आलं होतं. ते अगदीच खोटं नाही. सातवीत असताना मी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो होतो. काठाला धरून, पण गेलो होतो. पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही म्हणतात. सायकल मला येत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

तिला शब्द दिलाय: पहिल्या दिवसापासून सुरू. तिने निळा कॉस्च्युम आणलाय. किमतीची चिठ्ठी अजून तशीच ठेवलीय. नाहीच झालं तर परत करता येईल म्हणाली. मी म्हटलं, नाही का होणार?

३ फेब्रुवारी. संध्याकाळी.

पोचलो. खोली चांगली. बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या, त्यातली डावीकडची डुगडुगते. रिसेप्शनला कळवलं. एक माणूस येऊन पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून गेला. आमच्या कंपनीत असं चालत नाही.

समुद्र खोलीतून दिसतो. वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा आहे.

चहा झाल्यावर बायको टॉवेल खांद्यावर टाकून उभी. समजावलं की प्रवासाचा शीण असताना एकदम पाण्यात उतरणं शरीराला मानवत नाही, उद्या नक्की. मग मी कोर्सवर फक्त एक नजर टाकून येतो म्हणून गेलो. नजर टाकायला अंधार पडेपर्यंत वेळ लागला. कोर्स मोठा आहे.

नऊ होल. हिरवळ अशी की चालताना पाप वाटावं. जागोजागी माड. सातव्या होलला समुद्राचा एक फाटा आत घुसलाय, त्याच्यावरून चेंडू पलीकडे मारायचा. ओहोटीला तिथे वाळू उघडी पडते, भरतीला पाणी. शेजारी पाटी आहे: चेंडू वाळूत पडला आणि वाळू उघडी असेल तर तिथूनच मारावा, नाहीतर एक फटका दंड घेऊन काठावरून नवीन चेंडू मारावा. बरोबर आलेला साडू म्हणाला, मी सरळ दंड घेतो, कोण जातं तिथे.

हाच त्याच्यात आणि माझ्यात फरक आहे.

४ फेब्रुवारी. सकाळी.

लवकर उठलो. बायको त्याहून लवकर उठली होती, टॉवेलसकट. सांगितलं की सकाळी पाणी गार असतं, स्नायू आखडतात, संध्याकाळी जाऊ. ती म्हणाली, बरं. ती बरं म्हणते तेव्हा मला बरं वाटत नाही, पण गोल्फचा कोच थांबला होता.

४ फेब्रुवारी. दुपारी.

पहिला धडा. साडूने त्याचे जुने क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, वापरायला दिले. जुनेच का, हे लक्षात ठेवलंय.

पहिला फटका हवेत. दुसरा हवेत. तिसऱ्याला गवताचा एवढा मोठा गोळा उडाला की मागच्या रांगेतला माणूस दचकून खाली बसला. चौथा चेंडूला लागला, चेंडू माडाला लागला आणि माझ्या डोक्यावरून परत येऊन माझ्याच बराच मागे पडला. जोर होता यात वाद नाही. दिशा तेवढी चुकली. कोचला विचारलं की हे अंतर धरतात का. तो म्हणाला, पुढे गेलं तर धरतात.

कोच सारखं म्हणतो, डोकं हलवू नका, घाई करू नका, येत नाही ते आधी सांगा. यातलं काहीच व्हिडिओत नव्हतं. जुन्या पद्धतीचा माणूस दिसतो.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी.

साडूबरोबर तीन होल खेळलो. पहिल्याच ठिकाणी माझा चेंडू झुडपात गेला. साडू म्हणाला, सोडा, परत मारा, हा धरायचा नाही. याला मलिगन म्हणतात म्हणे. आपापसातल्या खेळात एखादा फटका फसला की तो माफ करायचा आणि जणू झालाच नाही असं समजायचं. मी स्पष्ट सांगितलं की मला कोणाची मेहरबानी नको. मग घेतला. मग अजून एक घेतला. शेवटी शेवटी साडू नुसताच समुद्राकडे बघत उभा राहायचा आणि माझं झालं की म्हणायचा, छान. तो सगळ्यालाच छान म्हणतो. यामागे काहीतरी आहे.

मलिगन वगळता आजचा स्कोअर अप्रतिम.

परतलो तेव्हा अंधार झाला होता. अंधारात समुद्रात उतरणं धोक्याचं. बायकोही त्यावर काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

५ फेब्रुवारी.

ठराव: आज काहीही होवो, बायकोबरोबर समुद्रावर जायचं.

गेलो. ठराव पाळला. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून रीतसर पाहणी केली. लाटा, खालची ओढ, उतार, रंग. नापास. मग तिला कोरड्या वाळूवर टॉवेल अंथरून पालथं झोपवलं आणि हात कसे मारायचे ते शिकवलं. पाया पक्का हवा. शेजारून बादली घेऊन जाणारी एक चिमुरडी थांबली आणि बराच वेळ बघत राहिली, त्यामुळे बायको उठून बसली. म्हणाली, तुम्ही एकदा पाण्यात करून दाखवता का? मी म्हटलं दाखवलं असतं, पण डाव्या कानात कालपासून दडा बसलाय. ती म्हणाली काल उजव्या म्हणाला होतात. मी म्हटलं, म्हणूनच तर. दोन्ही.

समोर पाण्यात एक म्हाताऱ्या बाई पाठीवर पडून तरंगत होत्या. डोक्यावर रुंद काठाची टोपी तशीच. हात पोटावर, डोळे मिटलेले, एखादी दुपारची झोप काढावी तशा. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मी सांगितलं की असं नुसतं पडून राहणं म्हणजे पोहणं नव्हे.

६ फेब्रुवारी. सकाळी.

कोचने सरावाला जोडी लावून दिली. कोणाबरोबर, तर त्याच टोपीवाल्या आजींबरोबर! वय विचारलं नाही, पण गुडघ्यांचा आवाज येतो. दरवर्षी इथे येतात, एकट्या. यजमान गेल्यावर पोहायला शिकल्या म्हणे, आणि त्यानंतर गोल्फ.

त्यांचा फटका म्हणजे नुसता टुक. लांबी नाही, ताकद नाही. टुक, टुक करत पोचतात आणि चेंडू आत. मला त्यांची कीव आली. माझा एकेक फटका त्यांच्या तिप्पट लांब जातो. फक्त दर वेळी वेगळ्या गावाला जातो. गवताचा उतार इथे नीट केलेला नाही, हे कोचला सांगितलं. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

आजींनी विचारलं, बायको काय करते दिवसभर? सांगितलं की पोहायला शिकतेय, मीच शिकवतोय. त्या म्हणाल्या, हो का? आणि टोपी खाली ओढली. ऊन फार होतं.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी.

निळा कॉस्च्युम बाल्कनीतल्या चांगल्या खुर्चीवर वाळत घातलेला. ओलाकंच. इथली हवा फारच दमट आहे.

किमतीची चिठ्ठी केराच्या टोपलीत दिसली. चला, ठेवायचं ठरलं एकूण. चांगला आहे रंग.

७ फेब्रुवारी. दुपारी.

हिरवळीवर पटरचा सराव करत होतो. पटर म्हणजे शेवटचा हळू फटका मारायचा क्लब. सगळा खेळ तिथेच असतो. आठ चेंडू ओळीने लावले होते, पाच झाले होते आणि मी अगदी लयीत आलो होतो (आत एकही गेला नव्हता, पण लय होती). तेवढ्यात मेहुणी धापा टाकत, ओल्या पायांनी. भावोजी, ताईने बोलावलंय, पटकन चला, बघायला या! मी म्हटलं काय बघायला? ती म्हणाली, ते तिथे येऊनच बघा. मी सांगितलं की हे तीन चेंडू झाले की येतो, तोवर फोटो काढून ठेव. ती थोडी थांबली. मग म्हणाली, भावोजी, तुम्ही ना! आणि वाक्य अर्धंच टाकून गेली.

तीन चेंडूंनंतर पुन्हा आठ लावले, कारण हात बसत होता. गेलो तेव्हा किनाऱ्यावर कोणीच नव्हतं. काय होतं ते राहूनच गेलं. शिंपले वगैरे असतील.

७ फेब्रुवारी. जेवणानंतर.

बायकोचे केस ओले होते आणि दोनदा वाढून घेतलं तिने. गालावर ऊन लागलेलं. मध्येच एकटीच हसली. साडू म्हणाला, छान! मेहुणी माझ्याकडे बघत नव्हती.

बायकोच्या आनंदाचं कारण उघड आहे. चषक परवा आहे, आणि आपल्या माणसावर विश्वास असला की बाईच्या चेहऱ्यावर दिसतं.

खोलीत आल्यावर तिने विचारलं, उद्या तरी येणार का पाण्यात? मी म्हटलं उद्या चषकाच्या आदला दिवस, एकदा तो झाला की मी तुझाच. ती म्हणाली चषक झाला की आपण घरी. हे खरं आहे. तारखा बघूनच ठरवायला हवं होतं. ती पुन्हा म्हणाली, बरं.

८ फेब्रुवारी.

उद्याची तयारी. तीन जणांचा गट: मी, साडू, टोपीवाल्या आजी. दोन्ही प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर, हे उत्तम. चषकात मलिगन नाही. कोचने हे माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

सगळं सातव्या होलवर ठरणार. लोक तिथे दंड घेतात. मी घेणार नाही. चेंडू वाळूत पडला तर वाळूतून मारीन, पाटीवर तशी मुभा आहे. भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लावल्या होत्या. आपण काय होड्या चालवतोय का? पुढे गेलो.

रोजनिशीत खरं तेच लिहायचं ठरलंय म्हणून: समुद्राची मला भीती वाटत नाही. आवडत नाही, एवढंच. दोन्हींत फरक आहे.

दुपारी बाल्कनीतून पाहिलं. लांब पाण्यात ती टोपी तरंगत होती आणि तिच्या शेजारी आणखी कोणीतरी, निळं काहीतरी. आजींना मैत्रीण मिळालेली दिसते.

९ फेब्रुवारी. सकाळी.

झोप उत्तम. हात हलके. ब्रेकफास्टला केळं आणि टोस्ट एवढंच, पोट जड नको. बायको आणि मेहुणी सातव्या होलजवळच्या किनाऱ्यावर थांबणार आहेत, तिथे पाणी शांत असतं असं आजींनी सांगितलंय. म्हणजे माझा निर्णायक फटका बायको डोळ्यांनी बघणार. योग असावे लागतात.

चषक कपाटात वरच्या कप्प्यात ठेवता येईल. खाली नको, धूळ बसते.

९ फेब्रुवारी. संध्याकाळी.

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

पहिल्या सहा होलमध्ये काय झालं ते सोडून देऊ. वारा होता. आजी टुक टुक करत सगळ्यांच्या पुढे. साडू दुसरा. मीही त्याच कोर्सवर होतो.

सातव्या होलला मी पहिला फटका मारला. सांगायला हरकत नाही, आठवड्यातला सर्वात चांगला. उंच गेला, सुंदर गेला आणि फाट्याच्या मधोमध वाळूचा जो उंचवटा उघडा होता त्यावर जाऊन बसला. साडू म्हणाला, दंड घ्या. आजी म्हणाल्या, अहो, पाणी चढतंय, एक फटका गेला तर गेला. मी म्हटलं, मी हक्काचा फटका असा सोडत नसतो. ओल्या वाळूतून चालत गेलो. तळवे बुडत होते, बाकी काही नाही.

चेंडू अर्धा रुतला होता. मारला. वाळू उडाली, चेंडू तिथेच. पुन्हा मारला. वाळू तोंडात, चेंडू आणखी खोल. शेजारी एक खेकडा येऊन उभा राहिला. मनात म्हटलं, याच्यासमोर तरी नको, आणि दात-ओठ खाऊन मारला. चेंडू हातभर सरकला. सरकला म्हणजे तंत्र बरोबर होतं! त्यामुळे चालू ठेवलं. काठावरून साडू हात हलवत होता. मला वाटलं प्रोत्साहन देतोय, मीही हात हलवला. मागचा गट आला, थांबला, आम्हाला ओलांडून पुढे गेला. कोणीतरी कार्टचा भोंगा वाजवत होतं. एकाग्रता कशी राहणार?

खेकडा निघून गेला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ज्या वाळूवरून आलो होतो ती नव्हती. तिथे पाणी होतं, बरंच, आणि माझ्या बुटांवरूनही जात होतं. मी तिथे उभा राहून विचार केला. मी घाबरलो असं कोणी म्हणेल, पण मी विचारच करत होतो. तेवढ्यात एक लाट आली आणि चेंडू घेऊन निघाली. इतक्या फटक्यांनंतर तो असा फुकट पाच-सहा हात पुढे गेलेला बघून माझा तोल सुटला. मी त्याच्यामागे पाऊल टाकलं. पायाखाली काही नव्हतं.

नाकातोंडात पाणी. डोळे गच्च मिटले. सातवीतला तलाव आठवला, पण काठ कुठे होता? क्लब सोडला नाही, साडूचा होता. हात मारले, पाय मारले, कोणाला तरी हाक मारली. काय हाक मारली ते मला आठवत नाही. मेहुणी म्हणते की बायकोचं नाव होतं. मी तिला नावाने हाक मारत नाही, पंचवीस वर्षांत मारलेली नाही.

मग कोणीतरी मागून काखेत हात घातला आणि माझं डोकं वर आलं. कानाशी आवाज आला की अंग सैल सोडा, मी धरलंय, वर आभाळाकडे बघा. मी सैल सोडलं. वर खरंच आभाळ होतं. निळा कॉस्च्युम, ओले केस, आणि माझी बायको समुद्रात पाय मारत मला ओढत नेत होती. न धापा टाकता! मला वाटलं मी मेलोय.

थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, आता पाय टेका.

मी म्हटलं, नको.

ती म्हणाली, अहो, टेका. टेकले. पाणी कमरेपर्यंत होतं. मी उभा राहिलो तर शर्टाचा खिसासुद्धा पाण्याच्या वर आला. पलीकडच्या हिरवळीवर दोन गट खेळ थांबवून बघत होते. एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. साडू काठावरून पॅंट दुमडून गुडघाभर पाण्यात आला होता, चेहरा पांढराफटक. त्याने माझा हात धरला. छानसुद्धा म्हणाला नाही. त्याच्या छानमागे कधीच काही नव्हतं, हे तेव्हा कळलं.

चषक आजींना मिळाला. टोपी न काढता घेतला.

९ फेब्रुवारी. त्यानंतर.

बाल्कनीत बसलो दोघं. ती चांगल्या खुर्चीवर, मी डुगडुगणाऱ्या.

मी सांगायला लागलो की पाण्याची ओढ जबरदस्त होती, बूट जड झाले, कानातला दडा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की मला पोहता येत नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. बोटीत बसताना मी तिचा हात ज्या तऱ्हेने धरला होता, त्यावरून. मी म्हटलं मग शिकवा म्हणून मलाच का सांगितलंस? तर म्हणाली, वाटलं होतं एवढ्या निमित्ताने तरी तुम्ही म्हणाल, अगं, मलाही येत नाही. मग दोघं मिळून शिकलो असतो. गंमत आली असती. बुडालो असतो तर बरोबर बुडालो असतो.

मी वाकून खुर्चीखालची पुठ्ठ्याची घडी नीट सरकवली.

परवा पहिल्यांदा तरंगले, म्हणाली. आजींनी हात काढून घेतले आणि मी वरच राहिले. लगेच किनाऱ्याकडे बघितलं. तुम्ही नव्हता.

आठ चेंडू ओळीने लावले होते मी. एकही आत गेला नव्हता.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहिता येत नाही.

मग मी म्हटलं की मलिगन म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे फसलेला फटका धरायचा नाही. ती म्हणाली ठाऊक आहे, तुमच्या साडूंनी सांगितलंय, तुम्ही किती घेतलेत तेही सांगितलंय. मग उठली आणि कॉस्च्युम वाळत घातला. दोन वेळा पिळला. म्हणाली, सकाळी गाडी यायच्या आत. पाणी गार असेल, स्नायू आखडतील. बरं?

मी म्हटलं, बरं.

१० फेब्रुवारी. गाडीत.

फॅमिली ग्रुपवर सासरेबुवांचा मेसेज: चषक? मेहुणीने उत्तर टाकलं: पाण्यात गेला. त्यावर सासरेबुवांनी पुन्हा तेच लिहिलं: सांभाळून.

सकाळी गेलो. साडूची जुनी हाफपॅंट घातली, माझ्याकडे पोहायचे कपडे नव्हतेच. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. तिथे मी पाहणी करायला थांबलो तर तिने हात धरून पुढे नेलं. कमरेपर्यंत. लांबवर ती टोपी तरंगत होती, तिने एक हात वर केला.

बायकोने मला पाठीवर झोपवलं. मानेखाली एक हात, पाठीखाली एक. डोकं हलवू नका म्हणाली, घाई करू नका. कोचही हेच म्हणत होता. मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. मग तिने हात काढले. मी वरच होतो. ती किंचाळली, जमलं, जमलं! इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही. किनाऱ्यावर मेहुणी उड्या मारत होती. साडू म्हणाला, छान!

हे इथेच संपवलं असतं तर रोजनिशी चांगली दिसली असती.

पाण्यातून बाहेर येताना मी तिला सांगून टाकलं. तिने विचारलं नव्हतं. म्हटलं, माझ्या टाचा वाळूला टेकलेल्या होत्या. सगळा वेळ.

ती म्हणाली, माहीत आहे. पहिल्या दिवशी माझ्याही होत्या.